निळ्या मगाचं माप

डॉक्टर मोहित म्हणाले, चार ओळी पुरेत. चूक झाली, पुन्हा होणार नाही, तारीख, सही. त्यांनी कोरा कागद दिला आणि वर स्वतःचं पेनही दिलं. चार ओळींत बसवायचा मी खरोखर प्रयत्न केला. पहिल्याच शब्दाला अडले, कारण नेमकी कुठली चूक लिहायची ते ठरेना. म्हणून जे झालं ते सगळंच लिहिते. कागद संपला तर मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे, त्याची मागची बाजू कोरीच असते.

मी कुसुम. शनवाऱ्याजवळच्या या दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पण मी सिस्टर नाही. फरशी पुसायच्या कामाला लागले होते. शाळा सातवीपर्यंत, त्यापुढचं शिक्षण औषधांच्या खोक्यांवर झालं. आमच्या सर्जन प्रतिभा मॅडम, त्यांनी मला एक काम मात्र मन लावून शिकवलं, ते म्हणजे ऑपरेशनच्या पेशंटची लघवी मोजणं. आत काय गेलं ते तर खिळ्याला टांगलेलं असतं, त्या म्हणायच्या, सगळ्यांना दिसतं. बाहेर किती आलं ते तू मला सांग. अंगात रक्त नीट फिरत असलं की तासाला तीस मिलीच्या वर लघवी होते. त्याखाली गेली की समजायचं, आत काहीतरी बिनसलं. दर तासाला लघवीची पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करायची, आकडा लिहायचा, पिशवीखालची तोटी बंद करून तिच्या खोबणीत खोचायची. लोकांनी पोथ्या वाचल्या, मी हे केलं.

परवा संध्याकाळी निरंजनला आणलं. देडतलाईच्या अलीकडच्या एका खेड्यातला, केळी पिकवणारा, तिशीचा. घड भरताना ट्रॉली मागे आली आणि हा ट्रकचा फाळका आणि ट्रॉली यांच्यामध्ये सापडला. वरून पाहिलं तर डाव्या बरगडीखाली नुसतं खरचटलेलं. आत तिल्ली, म्हणजे प्लीहा, फुटली होती, पोट रक्ताने भरलं होतं. मॅडमनी लगेच पोट उघडलं, तिल्ली काढली, तीन पिशव्या रक्त दिलं. काल सकाळी तो बोलत होता. चहा मागत होता. चहा मिळणार नाही म्हटल्यावर, निदान वास तरी घेऊ द्या, म्हणाला. अशी माणसं जगतात, हा माझा अनुभव आहे.

मॅडमना काल खंडव्याला कोर्टात साक्षीला जायचं होतं. जाताना डॉक्टर मोहितना आणि मला शेजारी उभं करून सांगून गेल्या. सलाईनची बाटली तासाला शंभर मिली, घाई नको. रक्त गेलं होतं ते रक्ताने भरलंय, आता पाणी ओतत बसू नका. नाडी बघा, पोटातून काढलेल्या ड्रेनच्या नळीत रक्त येतंय का ते बघा, लघवी बघा. कोर्टात फोन बंद असणार, तीन-साडेतीनला मोकळी होईन.

निरंजनच्या उशाशी त्याची आई, सोजरबाई. तिला त्याच्या मनगटावर काळा दोरा बांधायचा होता. मला विचारून बांधला, ही तिची रीत मला आवडली. मी म्हटलं, सैल बांधा, दोन बोटं आत गेली पाहिजेत. तिने आपली दोन बोटं घालून दाखवली. मग मी तोटी उघडून पिशवी मोजायला बसले तेव्हा ती वाकून बघत होती, जणू मी पुरणपोळी लाटतेय. मी तिला दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडलं असतं. पण अकरा वाजले होते, ऐंशी मिली भरलं होतं, मला खालच्या मजल्यावर जायचं होतं.

दारात निरंजनचे काका, पंडितकाका. यांचा मुक्काम खाटेजवळ कमी आणि बाटलीजवळ जास्त. त्यांच्या गावात साधा ताप आला तरी डॉक्टर लिंबाच्या फांदीला दोन बाटल्या टांगतो, एक पांढरी आणि एक पिवळी ताकदीची. इथे पोट फाडलेल्या माणसाला एकच बाटली, तीही थेंब-थेंब, हे त्यांना पटेना. दवाखान्यात पाणीटंचाई आहे का, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तापी भरून वाहतेय, काळजी करू नका.

बारा वाजता पिशवीत पंधरा मिली निघालं. मी डॉक्टर मोहितना सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली, ड्रेन पाहिला, म्हणाले, एक तास बघू. एक वाजता दहा. त्यांनी अर्धा लिटरची बाटली जोरात सोडली. दोन वाजता वीस, आणखी अर्धा लिटर. तीन वाजता पंधरा. त्यात पंडितकाका दर तासाला आकडा विचारून कपाळावर हात मारत होते, आणि कुठल्याशा मेडिकलमधून चार बाटल्यांची थैली घेऊन आले होते. दोन पिवळ्या.

डॉक्टर मोहितना दोष देत नाही. चार महिने झाले त्यांना येऊन. पुस्तकात लिहिलंय तेच ते करत होते, लघवी कमी म्हणजे अंग कोरडं, अंग कोरडं म्हणजे पाणी द्या. मॅडमचा फोन बंद होता, तीनदा मीही लावून पाहिला. एकटं पडलेलं माणूस पुस्तक घट्ट धरतं.

पण मी तीन वाजता पिशवी मोजून उठले तेव्हा निरंजनचा हात माझ्या पुढ्यात आला. काळा दोरा मांसात रुतला होता. सकाळी आईची दोन बोटं जात होती, आता माझी करंगळीही जाईना. पापण्या सुजल्या होत्या. तो सरळ झोपायला तयार नव्हता, उशी मागत होता, दोन शब्द बोलला की खोकत होता. जीभ ओली, हात गरम. कोरडं पडलेलं माणूस मी पाहिलंय, त्याची जीभ पापडासारखी असते. हा माणूस आतून भरत चालला होता.

आणि दुसरं एक. मोजायला बसले तेव्हाच तोटी खोबणीत नव्हती, लोंबत होती. मी ती खोचल्याशिवाय उठत नाही. हे माझं नको तितकं पक्कं आहे, घरी गॅसची नळीही मी तीनदा बघते.

डॉक्टर मोहितनी तोवर पुढची बाटली लावली होती, पूर्ण लिटरची, आणि नळीवरचं चाक सबंध उघडलं होतं. थेंब दिसत नव्हते, धार लागली होती. त्यांनी सांगितलं, ही संपली की लगेच दुसरी. पंडितकाकांनी तत्परतेने थैली पुढे केली.

मी हात वर केला आणि चाक बंद केलं.

डॉक्टर मोहितना आधी समजलंच नाही, मग त्यांचे कान लाल झाले. "आंटी, हात काढा. ही तुमची ड्यूटी नाही."

"नाही," मी म्हटलं. "दहा मिनिटं द्या. कोणीतरी पिशवी उघडली आहे."

"कौन उघडेगा? आणि दस मिनट में किडनी बैठ गई तो? आप नर्स भी नहीं हैं."

हे त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, म्हणून फारसं लागलं नाही. थोडं लागलं. पंडितकाकांनी त्यावर मीठ टाकलं. झाडूवाली बाई डॉक्टरला शिकवते, अशाने दवाखाना कसा चालायचा, असं ते भिंतीला उद्देशून बोलले. भेटीची वेळ झाली होती, म्हणून खोलीत व्याहीही होते, निरंजनच्या बायकोचे आईवडील, देडतलाईहून आलेले. व्याहीण पदराआडून माझ्याकडे बघत होती. मी चाकावरचा अंगठा काढला नाही.

"चार्टवर लिहा," मी म्हटलं. "तीन वाजून सात मिनिटं, कुसुमने बाटली थांबवली. नाव पूर्ण लिहा. आणि लिहून झालं की त्याच्या पाठीला कान लावा."

त्यांनी खरंच लिहिलं. मग रागारागाने स्टेथोस्कोप घेतला, निरंजनला पुढे वाकवलं आणि पाठीवर ठेवला. डावीकडे, उजवीकडे, खाली. रागाचं काय झालं कोण जाणे, पण कान लावून ते बराच वेळ उभे राहिले. फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचायला लागलं की तापलेल्या तेलात ओला हात झटकल्यासारखा आवाज येतो, मॅडमनी मला एकदा ऐकवला होता. त्यांना तोच ऐकू आला. ऑक्सिजन लावला, खाटेचं डोकं वर केलं. चाकाला त्यांनी हात लावला नाही. पण हळूच म्हणाले, मग लघवी का नाही? किडनी गेली असेल तर इंदूरला न्यावं लागेल, आत्ताच.

टाके ओले असलेलं पोट घेऊन इंदूरपर्यंतचा रस्ता. सकाळपासून खाटेजवळून न हललेलं माणूस एकच होतं. मी सोजरबाईंना म्हटलं, जरा बाथरूममध्ये चला, कपडा पिळायचाय.

आत गेल्यावर मी दार लावलं. ती नळाकडे बघत उभी राहिली.

"सोजरबाई, तोटी कोणी उघडली?"

"मले काय माहीत."

"मी ओरडणार नाही. तुमच्या पोराच्या छातीत पाणी भरतंय. ते थांबणार की नाही, हे आता तुम्ही जे सांगाल त्यावर आहे."

तिने पदर तोंडात धरला. पदरातूनच बोलली. "लाल व्हती वं माय. लालसर. ते व्याही पाहतीन, अन् घरी जाऊन रंजीले सांगतीन. सोळा दिवसांची बाळंतीण हाय ती. धसका घेतला अन् दूध आटलं तं लेकरू काय पीन?"

रंजिता म्हणजे निरंजनची बायको. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. तिला अजून एवढंच सांगितलं होतं की नवऱ्याला जरा मार लागलाय. आणि दर तासाला तिच्या माहेरचं कोणी ना कोणी जावयाला बघायला येत होतं. मी भेटीच्या वेळेआधी कोणालाही वर टिकू देत नाही, हे खालच्या वॉचमनला माहीत आहे, म्हणून तो दयाळू माणूस तास भरायला पंधरा मिनिटं असताना मी खालच्या मजल्यावर गेले की दोघादोघांना वर सोडायचा. पाहुण्यांची चप्पल जिन्यात वाजली की सोजरबाई पिशवी रिकामी करायची. पाहुणे बघायचे, स्वच्छ पिशवी, स्वच्छ पोरगा. मग तासाला मी यायचे आणि दहा मिनिटांची लघवी तासाची म्हणून लिहायचे. लघवी गुलाबी होती, ती मॅडमनी सकाळीच पाहिलेली. इतक्या माराने होते, उतरते. हे सोजरबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं.

"उघडायची कशी, ते कसं कळलं?"

"तुलेच पाहून शिकली ना," ती म्हणाली. "सकाळी तू चिमटी दाबली, तशीच."

एकोणीस वर्षांपूर्वी मीही हे काम असंच शिकले होते, एका सिस्टरच्या खांद्यामागून, न विचारता. मॅडमनी पकडलं तेव्हा हाकलायचं सोडून स्टूल दिलं बसायला.

"कशात काढली? किती?"

तिने बाथरूममधला निळा प्लास्टिकचा मग दाखवला. मी तो नळाखाली धरला आणि म्हटलं, पहिल्या वेळी कुठपर्यंत भरला होता तिथे बोट ठेवा. बायकांना माप विचारावं लागत नाही. भाताला पाणी किती, ते आम्ही बोटाच्या पेरावर ठरवतो. तिने आत अंगठ्याचं नख टेकवलं, इथपर्यंत. मी तिथवर पाणी भरलं आणि मापाच्या भांड्यात ओतलं. एकशेदहा. दुसऱ्या वेळी जरा वर, एकशेवीस. तिसऱ्यांदा दीडशे. चौथ्यांदा एकशेसत्तर, पाहुणे जिन्यात होते म्हणून घाईत थोडं सांडलंही, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. मी तळहातावर पेनाने बेरीज केली. मी मोजलेले साठ धरून सहाशेदहा. चार तासांत. किडनी बिचारी दिलेलं पाणी बाहेर फेकत दमली होती आणि आम्ही तिच्याच नावाने बोंब मारत आणखी ओतत होतो.

"त्यांच्यासमोर नको सांगू," सोजरबाई म्हणाली. "डॉक्टरले सांग. त्यांच्यासमोर नको."

मी म्हटलं, चार्टमध्ये आकड्याचा रकाना आहे, नावाचा नाही. मी आकडा लिहीन.

बाहेर आले आणि तसंच केलं. डॉक्टर मोहितना चार आकडे दाखवले, सांगितलं की पिशवी मधे रिकामी झाली होती, माप अंदाजाचं आहे पण खात्रीचं आहे. त्यांनी विचारलं, "किसने फेंका? अंदाज कसला? मी असं कसं लिहू?" त्यांचं बरोबर होतं. असा आकडा कुठल्या डॉक्टरने ऐकावा? पंडितकाकांना तर आयतं मिळालं. बाई चाक बंद करून बसली, आता आकडे रचते, त्यांनी व्याह्यांना सांगितलं. सलाईन सुरू करा, नाहीतर आम्ही पेशंट इथून काढतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाथरूमचं दार वाजलं.

सोजरबाई निळा मग हातात घेऊन आली. मगात पाणी होतं, अंगठा आत बुडवून धरलेला, वर पदर नीट घेतलेला. हळदीकुंकवाला निघाल्यासारखी सरळ चालत आली आणि व्याहीणीच्या पुढ्यातून जाऊन डॉक्टर मोहितसमोर उभी राहिली.

"मी फेकलं," ती म्हणाली. "चार डाव. हे एवढं, शेवटच्या डावाले. मोजून घ्या."

पंडितकाका म्हणाले, वहिनी, अक्कल आहे का, पाहुण्यांसमोर काय हे.

ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "माह्या पोराचं मूत हाय, भाऊजी. चोरीचा माल नाही. सकाळपासून लपवलं म्हून त्याच्या छातीत पाणी गेलं. अन् त्या तुमच्या पिवळ्या बाटल्या घरी न्या. बैलाले पाजा."

व्याही खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टर मोहितनी तिच्या हातातून मग घेतला, दोन्ही हातांनी, आणि स्वतः मापाच्या भांड्यात ओतला. एकशेसत्तर. त्यांनी मला चार्ट मागितला, चार आकडे स्वतःच्या अक्षरात लिहिले, पुढे कंसात लिहिलं, मगाने मोजले. मग लिटरची बाटली खिळ्यावरून उतरवली.

साडेतीनला मॅडमचा फोन आला. डॉक्टर मोहित जिन्यात जाऊन बोलले. परत आले ते लघवी वाढवायचं एक लहानसं इंजेक्शन घेऊन, आणि सांगितलं, बाटली आता नावापुरती, शिरेची सुई उघडी राहण्यापुरती. पंडितकाका चहा प्यायला गेले. थैली नेली.

चार वाजले तेव्हा मी पिशवीजवळ स्टूल ठेवलं आणि सोजरबाईंना बसवलं. हे काय आहे, कशासाठी मोजतो, तीसच्या खाली म्हणजे काय, लाल कधी वाईट आणि कधी नाही, हे मी तिला सांगितलं. पाच मिनिटं लागली. सकाळीही पाचच लागली असती. पाच वाजता तिने स्वतः तोटी उघडली, भांडं उजेडाकडे धरलं.

व्याहीण जायला निघाली होती. दारात घुटमळून तिने विचारलं, मग रंजीला काय सांगू?

"सारं सांग," सोजरबाई म्हणाली. "ट्रॉलीचं, पोटाचं, सारं. बाळंतीण हाय, काचेची नाही. अन् म्हणा, पाच वाजता अडीचशे झालं. सासूनं मोजलं."

मॅडम सहाला आल्या. आधी पाठ ऐकली, पोट दाबून पाहिलं, मग चार्ट वाचला. मगाची ओळ दोनदा वाचली. मला म्हणाल्या, चाकाला हात लावलास, तो नियम नाही. मी म्हटलं, नाही. डॉक्टर मोहित म्हणाले, मॅडम, रेकॉर्डसाठी एक माफीनामा तरी घ्या, उद्या कोणीही हात लावेल. मॅडम म्हणाल्या, तिला काय लिहायचं ते तिला लिहू दे.

आज सकाळी निरंजन सपाट झोपून आढ्याकडे बघत होता आणि खोकत नव्हता. मी दोऱ्याखाली बोट घातलं. एक गेलं, दुसरं अर्धं गेलं. चहाचं विचारायला त्याने तेवढ्यात तोंड उघडलंच.

तर डॉक्टरसाहेब, हे आपलं पेन परत. चूक लिहायचीच असेल तर ही लिहून घ्या: दोरा किती सैल बांधायचा ते मी त्या बाईला सांगितलं आणि पिशवी का मोजतो ते सांगितलं नाही. ही माझी, आणि ही पुन्हा होणार नाही. तीन वाजून सात मिनिटांनी चाक बंद केलं तेही मीच. त्याबद्दल पुन्हा होणार नाही असं मला लिहिता येत नाही.

वेळ बरोबर आहे. सही खाली केली आहे.

कुसुम